वारशाची संघटना, शाळेच्या आवारात

१८९६ साली दक्षिण इटलीतल्या अव्हिल्यानो या डोंगरी गावातून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम वस्तीत येऊन पोहोचला. नाव लिओनार्दो कोव्हिएल्लो. शाळेतल्या बाईंना हे आडनाव उच्चारायला जड जाई. त्यांनी त्यातले एक अक्षर काढून टाकले आणि प्रगतिपुस्तकावर ‘कोव्हेलो’ असे नाव आले. घरी वडिलांनी ते पाहिले आणि त्यांचा संताप झाला. मुलाला मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. अमेरिकेत असेच असते, तुम्हाला ते कळणार नाही, अशीच त्याची समजूत होती. हाच मुलगा पुढे लेनर्ड कोव्हेलो या नावाने न्यूयॉर्कच्या एका सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हार्ट इज द टीचर’ या आत्मकथनात त्याने ही हकिगत सांगितली आहे.

त्या बाईंच्या मनात वाईट काही नसावे. पण त्या शाळेत तेव्हा एखादा शिक्षक, कारकून किंवा दाराशी बसणारा कर्मचारी जरी त्या मुलाची भाषा जाणणारा असता, तर ते अक्षर बहुधा वाचले असते. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये काम करणाऱ्या इटालियन वंशाच्या लोकांनी स्वतःची वारसा-संघटना काढावी का, काढली तर कशासाठी आणि कोणत्या नियमांनी, हा प्रश्न मला याच प्रसंगापासून सुरू होताना दिसतो. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात यश आहे, चुका आहेत आणि आज अशी संघटना काढू पाहणाऱ्याने आधी वाचावा असा अनुभव आहे.

घर एकीकडे, शाळा दुसरीकडे

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. त्यांतली बहुसंख्य नेपल्सच्या खालची, सिसिली, कालाब्रिया, बाझिलिकाता या भागांतली. शेतमजूर, अल्पभूधारक, गवंडी, चांभार. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारले. शहराच्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१९ साली. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा कोटा इतका आकसला, की ही लाट जवळजवळ थांबली.

या माणसांच्या घरात ‘शिकलेला’ या शब्दाचा अर्थ निराळा होता. इटालियनमध्ये ‘बेन एदुकातो’ म्हणजे चांगल्या वळणाचा, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा. पुस्तकी शिक्षणाला ‘इस्त्रुत्सिओने’ हा वेगळा शब्द. अमेरिकन शाळा दुसरे देत होती आणि पहिले मोडत होती, असे आईबापांना वाटे. मुलगा चौदा वर्षांचा झाला की कामाचा परवाना काढायचा आणि त्याची कमाई घरात आणायची, ही रीत त्यातूनच आली. शाळा म्हणे, हे लोक मागासलेले. घर म्हणे, ही शाळा मुलाला आपल्यापासून तोडते. दोघांच्या मध्ये मूल उभे होते आणि स्वतःच्या आईबापांची लाज बाळगायला शिकत होते. कोव्हेलोंनी पुढे याच दुराव्याचा आयुष्यभर अभ्यास केला. इटालियन-अमेरिकन शाळकरी मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा त्यांचा १९४४ चा प्रबंध आजही या विषयातला पायाभूत ग्रंथ मानला जातो.

शाळेत नोकरी मिळवणेही सोपे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये १८९८ पासून शिक्षकांची निवड ‘बोर्ड ऑफ एक्झामिनर्स’ करी. लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षा असे आणि तिथे उच्चार तपासले जात. ज्यांच्या घरात दुसरी भाषा बोलली जाई, त्यांच्यासाठी हा मोठा अडसर होता. तरीही काही जण आत शिरले. १९०८ साली अँजेलो पॅट्री ब्राँक्समधल्या एका सरकारी शाळेचे प्रमुख झाले. शहरातले ते पहिले इटालियन-अमेरिकन मुख्याध्यापक. ‘अ स्कूलमास्टर ऑफ द ग्रेट सिटी’ या १९१७ च्या पुस्तकात त्यांनी शाळा आणि आईबाप यांना एकत्र आणण्याची धडपड मांडली.

कोव्हेलोंनी घातलेला पायंडा

शाळेच्या नोकरीतून वारशाचे काम कसे करावे, याचा सर्वांत भरीव नमुना मात्र कोव्हेलोंचाच. १९११ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते डेविट क्लिंटन हायस्कूलमध्ये शिकवू लागले. विषय फ्रेंच आणि स्पॅनिश. इटालियन मुलांनी भरलेल्या शाळेत इटालियनला जागा नव्हती. १९१४ साली त्यांनी तिथे ‘इल चिर्कोलो इटालियानो’ हे विद्यार्थ्यांचे मंडळ सुरू केले. नाटके बसवली, मुलांना वस्तीत कामाला लावले, नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवायला पाठवले. त्यांच्या विद्यार्थ्यांतला एक, व्हितो मार्कान्तोनियो, पुढे ईस्ट हार्लेमचा काँग्रेस-सदस्य झाला.

पुढची लढाई भाषेची. शाळेत आधी दुसरी एखादी परकी भाषा घेतली तरच इटालियन घेता येईल, असा तेव्हाचा नियम होता. कोव्हेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन शिक्षकांच्या संघटनेतून पाठपुरावा केला. नवल असे की, इटालियन आईबापांचीच समजूत आधी काढावी लागली. मुलाने इंग्रजी शिकावे, घरची भाषा शाळेत कशाला, असे त्यांना वाटे. दारोदार फिरून, चहा-कॉफी घेत, त्यांच्याच बोलीत बोलून ती समजूत काढली गेली. १९२२ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने इटालियनला फ्रेंच आणि स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा दिला. १९२४ मध्ये देशपातळीवर इटालियन शिक्षकांची संघटना उभी राहिली आणि १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ‘कासा इटालियाना’ ही वास्तू खुली झाली.

१९३४ साली ईस्ट हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल सुरू झाले आणि कोव्हेलो त्याचे पहिले मुख्याध्यापक झाले. वस्तीतली रिकामी दुकाने घेऊन त्यांनी तिथे वाचनालय, मदतकेंद्र आणि आईबापांच्या बैठकी सुरू केल्या. शाळा रस्त्यावर नेली, असे म्हणता येईल. १९४५ मध्ये शाळेच्या परिसरात इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांत मारामाऱ्या झाल्या आणि वर्तमानपत्रांत त्याचा गवगवा झाला. तेव्हा शाळेत बोलायला आलेल्यांत तरुण गायक फ्रँक सिनात्रा होता. इटालियन मुलांनी त्याचे ऐकले, कारण तो त्यांच्यातला होता. वारशाचा इतका थेट उपयोग क्वचितच झाला असेल: आपल्या माणसाचा शब्द आपल्याच मुलांना आवरण्यासाठी वापरला गेला.

त्याच सुमारास वस्ती बदलत होती. प्वेर्तो रिकोहून लोक येऊ लागले होते. कोव्हेलोंनी त्यांच्याशीही तेच केले जे इटालियनांशी केले होते. १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी प्वेर्तो रिकोच्या सरकारच्या स्थलांतर विभागासाठी शिक्षण-सल्लागार म्हणून काम पाहिले. लेखाच्या शेवटी मला याच गोष्टीकडे परत यायचे आहे.

मंडळे: गावाची, मग व्यवसायाची

इटालियन स्थलांतरितांच्या पहिल्या संस्था गावाच्या होत्या. आपल्या गावच्या चर्चचे घंटाघर जिथवर दिसते तिथवर आपले लोक, या वृत्तीला इटालियनमध्ये ‘काम्पानिलिझ्मो’ म्हणतात. गिरणगावातल्या कोकणी गावकीच्या खोल्या आणि ग्रामस्थ मंडळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच समजेल. आजारपणाला, मयताला, गावच्या संताच्या उत्सवाला वर्गणी. १९०५ साली डॉ. व्हिन्चेंझो सेल्लारो यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ऑर्डर सन्स ऑफ इटली’ स्थापन केली. गावे ओलांडून इटालियन म्हणून एकत्र येण्याचा तो मोठा प्रयत्न. १९२२ मध्ये कनेटिकटमधल्या वॉटरबरीत ‘युनिको’ आणि १९७५ मध्ये ‘नॅशनल इटालियन अमेरिकन फाउंडेशन’ आली.

याच्या जोडीला न्यूयॉर्कच्या सरकारी नोकरीत आणखी एक परंपरा रुजली, ती व्यवसाय आणि वंश यांना जोडणाऱ्या मंडळांची. पोलीस, अग्निशमन, स्वच्छता खाते अशा ठिकाणी इटालियनांच्या ‘कोलंबिया असोसिएशन’, आयरिशांच्या ‘एमरल्ड सोसायटी’, ज्यूंच्या ‘शोमरिम’, कृष्णवर्णीयांच्या ‘गार्डियन्स’. आज न्यूयॉर्क पोलिसांत दक्षिण आशियाई वंशाच्या अधिकाऱ्यांची ‘देसी सोसायटी’ही आहे. शिष्यवृत्त्या, निधनानंतर कुटुंबाला मदत, मिरवणुकीत स्वतःचा झेंडा आणि बढतीत अन्याय झाला तर बोलायला कोणी तरी, अशी त्यांची कामे. शाळा-कर्मचाऱ्यांची वारसा-संघटना याच कुळातली. फरक एवढाच की, पोलिसांसमोर नागरिक असतो आणि शाळेत समोर मूल असते. त्यामुळे इथे जबाबदारी वाढते.

दोन जुन्या चुका

पहिली चूक परक्या सरकारच्या पैशाची. १९२० आणि ३० च्या दशकांत मुसोलिनीच्या राजवटीने आपल्या वकिलातींमार्फत अमेरिकेतल्या इटालियन संस्था आणि भाषावर्गांत शिरकाव केला. पुस्तके, पदके, सहली फुकट मिळत. १९३४ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकाने कोलंबियाच्या कासा इटालियानावर फॅसिस्ट प्रचाराचा जाहीर आरोप केला. भाषेवरच्या प्रेमापोटी आलेली माणसे राजकारणात ओढली गेली आणि त्याची किंमत भाषेनेच मोजली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांना ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरवण्यात आले. १९४२ च्या कोलंबस दिनी ते निर्बंध उठले. पण शत्रूची भाषा बोलू नका, असे सांगणारी भित्तिपत्रके घराघरांतल्या मनात राहिली. पुष्कळ आजी-आजोबांनी नातवंडांशी इटालियनमध्ये बोलणे तेव्हा सोडले, ते कायमचे.

दुसरी चूक नेतृत्वाची. १९७० साली ‘इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग’च्या सभेला न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये प्रचंड गर्दी जमली. इटालियन म्हणजे माफिया, या शिक्क्याचा निषेध करायचा होता. पण लीगचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा स्वतःच माफिया टोळीचा प्रमुख होता. पुढच्याच वर्षी तशाच सभेत त्याच्यावर गोळीबार झाला आणि चळवळ विरली. तक्रार खरी असली तरी ती मांडणारा माणूस स्वच्छ लागतो.

हक्काची लढाई

त्याच दशकात दुसऱ्या बाजूला शांतपणे आणि कागदपत्रांच्या बळावर काम चालू होते. १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वांशिक वारशाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र कार्यक्रमाला मंजुरी दिली. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क या सरकारी विद्यापीठात इटालियन विद्यार्थी भरपूर, पण प्राध्यापक आणि अधिकारी थोडे, अशी स्थिती होती. कर्मचारी आणि प्राध्यापक संघटित झाले. डिसेंबर १९७६ मध्ये कुलपती रॉबर्ट किबी यांनी इटालियन-अमेरिकनांना विद्यापीठाच्या सकारात्मक कृती धोरणाखाली आणले. १९७८ मध्ये राज्याचे सिनेटर जॉन कॅलँड्रा यांनी तिथल्या भेदभावावर अहवाल दिला आणि १९७९ मध्ये पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली.

१९९२ मध्ये विद्यापीठाने ही संस्था मॅनहॅटनमधून हलवण्याचे आणि संचालक जोसेफ शेल्सा यांना पदावरून दूर करण्याचे ठरवले. शेल्सा न्यायालयात गेले. न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मोटली, फेडरल न्यायपीठावर नेमल्या गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांनी विद्यापीठाला तात्पुरती मनाई केली. नंतर तडजोड झाली आणि संस्था टिकली. इटालियनांच्या हक्कासाठीचा निकाल नागरी हक्क चळवळीत घडलेल्या एका वकील-न्यायाधीशाच्या हातून आला, हे या इतिहासातले मला सर्वांत बोलके पान वाटते.

भाषेच्या आघाडीवरचा अनुभवही असाच शिकवणारा. हायस्कूलमधल्या मुलांसाठी महाविद्यालयीन पातळीचा ‘एपी इटालियन’ हा अभ्यासक्रम माटिल्डा कुओमो यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि २००६ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. परीक्षार्थी कमी आणि निधी अपुरा म्हणून २००९ नंतर तो बंद पडला. मग संस्थांनी आणि इटालियन सरकारने पैसा उभा केला आणि २०१२ मध्ये परीक्षा पुन्हा झाली. २००० च्या जनगणनेत दीड कोटीहून अधिक लोकांनी आपले मूळ इटालियन सांगितले होते. तरीही एका परीक्षेला पुरेशी मुले बसत नव्हती. वंशाचा अभिमान भाषेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. मध्ये शिक्षक लागतो.

संघटना काढायची तर

सभासद कोण? शिक्षक हे उत्तर अपुरे आहे. शाळेच्या इमारतीची देखभाल करणारे, कॅफेटेरियात वाढणारे, कचेरीत बसणारे, बस चालवणारे, सुरक्षारक्षक, निवृत्त झालेले, असे सगळे यायला हवेत. पुष्कळ इटालियन कुटुंबांनी शाळेत पहिले पाऊल टाकले ते खडू हातात घेऊन नव्हे, तर झाडू किंवा कढई हातात घेऊन. त्यांना वगळून काढलेली संघटना वारशाची म्हणवणार कशी? आडनावाची अट तर मुळीच नसावी. आई इटालियन, वडील आयरिश, अशी घरे आता सर्वसामान्य आहेत. आणि ज्याला या संस्कृतीबद्दल आस्था आहे त्याला सहयोगी सभासद होता यावे.

युनियनशी नाते? न्यूयॉर्कमध्ये १९६७ च्या टेलर कायद्यानुसार कर्मचाऱ्यांच्या वतीने पगार आणि सेवाशर्तींची बोलणी मान्यताप्राप्त युनियनच करते. वारसा-संघटनेने त्या कामात पडू नये. भेदभावाची तक्रार असेल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण राष्ट्रीय मूळावरून होणाऱ्या भेदभावालाही लागू आहे. सभासदाला तो रस्ता दाखवणे आणि बरोबर उभे राहणे हे संघटनेचे काम.

नोंदणी आणि पैसा? राज्याकडे ना-नफा संस्था म्हणून नोंदणी, लेखी घटना, निवडून आलेली कार्यकारिणी, खजिनदार आणि दरवर्षी सभासदांपुढे तपासलेला हिशेब, एवढे पहिल्या दिवसापासून हवे. कर खात्याच्या ५०१ (सी) (३) कलमाखाली मान्यता घेतली तर देणगीदाराला करसवलत मिळते. मात्र त्या संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. ही अट मला ओझे वाटत नाही, कवच वाटते. वर्गणी मुख्याध्यापकाने हाताखालच्या माणसाकडून गोळा करू नये, सभा शाळेच्या तासांत नसाव्यात, शाळेचा कागद आणि यंत्रणा वापरू नये. या साध्या गोष्टी पाळल्या नाहीत तर चांगल्या हेतूची संघटनाही दबावगट वाटू लागते.

कार्यक्रम? ऑक्टोबर हा १९८९ पासून राष्ट्रीय पातळीवर इटालियन-अमेरिकन वारसा महिना म्हणून घोषित होत आला आहे. जेवण आणि सत्कार यांवर तो महिना संपू नये. न्यू जर्सीत २००२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या इटालियन वारसा आयोगाने शिक्षकांसाठी इटालियन संस्कृतीवरचे पाठ तयार केले, ते गणितापासून कलेपर्यंत सर्व विषयांत वापरता येतील असे. ही दिशा योग्य आहे. त्याच्या जोडीला शिष्यवृत्ती, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण आणि इटालियन शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांना आधार.

कोलंबसाचा पेच

या प्रश्नाला बगल देऊन आढावा पुरा होणार नाही. १८९२ साली, न्यू ऑर्लिन्सच्या हत्याकांडाच्या पुढच्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसाच्या प्रवासाची चारशे वर्षे साजरी करण्याचे आवाहन केले. तिरस्कार सोसणाऱ्या इटालियनांना या देशात आपलेही स्थान आहे, असे सांगणारा तो दिवस ठरला. मूळनिवासी लोकांना त्याच दिवशी आपला संहार आठवतो. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांच्या दिनदर्शिकेवर तो ‘इंडिजिनस पीपल्स डे’ असा छापला गेला. आक्षेप येताच ‘इटालियन हेरिटेज डे / इंडिजिनस पीपल्स डे’ असे जोडनाव आले. दोन्ही बाजू नाराज राहिल्या.

माझे मत स्पष्ट आहे. इटालियन-अमेरिकनांची आठवण शाळेच्या दिनदर्शिकेवर राहावी. ती एका नावावर अडकू नये. कोलंबसाने ज्यांच्यावर राज्य केले त्यांचे काय झाले हेही त्याच वर्गात शिकवले जावे. भुयारी रेल्वे खोदणारे मजूर, शिलाई कारखान्यांतल्या बायका, पॅट्री आणि कोव्हेलो यांच्यासारखे शिक्षक हा वारसा कोणत्याही पुतळ्यापेक्षा अधिक भक्कम आहे, आणि तो सांगण्यासाठी कोणाचे दुःख झाकावे लागत नाही.

आपल्यासाठी

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभे आहे आणि त्याच्या छत्राखाली अनेक गावांत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. तिथल्या सरकारी शाळांत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी इटालियनांचा हा अनुभव जरूर अभ्यासावा. भाषेला शाळेत जागा मागावी लागते. ती मिळाल्यावर मुले, शिक्षक आणि निधी यांनी रोज टिकवावी लागते.

शंभर वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर माझा निष्कर्ष एवढाच. शाळा-कर्मचाऱ्यांनी वारसा-संघटना जरूर काढावी. पण तिची परीक्षा आपल्या मुलांसाठी काय केले यावर थांबत नाही; नंतर आलेल्या, दुसऱ्याच भाषेच्या मुलाचे नाव आपण नीट उच्चारतो का, यावर ती पुरी होते. कोव्हेलो या परीक्षेत उतरले, कारण इटालियन मुलांसाठी उघडलेले दार त्यांनी प्वेर्तो रिकन मुलांसाठीही उघडे ठेवले. १९८२ साली ते वारले. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल बंद झाले आणि प्लेझंट अॅव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत गणित-विज्ञानाचे नवे हायस्कूल सुरू झाले. इटालियन वस्ती तिथून केव्हाच पांगली आहे. शाळा मात्र भरते.